पाचोळ्यातल्या कोळ्याचे बारसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी टाकवे बुद्रुक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 अशा प्रसंगी आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन, बचत हे विषय निघतात आणि ते निघावेतच. परंतु त्या विषयांवर सांगणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याची बाजू मांडणारे मात्र फारसे कुणी भेटत नाही. तो आपल्या पायाखाली राहतो, आकाराने मोहरीच्या दाण्याएवढा असतो, आणि उन्हाळ्यात आपण राबासाठी पाचोळा गोळा करतो तेव्हा आपल्या नकळत तोही पाटीत भरला जातो. हा प्राणी म्हणजे पाचोळ्यातला कोळी, आणि आजचा विषय म्हणजे त्याचे बारसे.

कोळ्याचे कसले बारसे, असे म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण शास्त्रज्ञ एखादी नवी जाती शोधून काढतात, तिचे वर्णन लिहितात आणि तिला नाव देतात, तेव्हा ते जे करतात ते आपल्या बारशाहून फारसे निराळे नसते. नियम तेवढे अधिक कडक असतात. ते कसे, हे मी सांगणार आहे. आणि आपल्या मावळातल्या देवरायांशी व भाताच्या राबाशी त्याचा काय संबंध पोचतो, हेही सांगणार आहे.

प्रथम कोळ्याची ओळख करून घेऊ. कोळी म्हटले की आपल्याला दिवाळीपूर्वीची झाडलोट आणि आढ्याची जळमटे आठवतात. पुष्कळांची समजूत अशी की कोळी हा एक किडा. तो किडा नव्हे. किड्याला पाय सहा, कोळ्याला आठ. किड्याच्या अंगाचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग. कोळ्याचे डोके आणि छाती एकत्र, म्हणून भाग दोनच. किड्याला मिशा असतात, पुष्कळांना पंख असतात. कोळ्याला दोन्ही नाहीत. सगळे कोळी अंगातून रेशीम काढतात, पण सगळेच जाळे विणून बसत नाहीत. कितीतरी कोळी जमिनीवर धावून, उडी मारून किंवा दबा धरून शिकार करतात. यांचा संसार झाडाखालच्या पाचोळ्यात असतो.

हा पाचोळा आपल्याला केर दिसतो. पण जांभूळ, ऐन, हिरडा, अंजनी अशा झाडांखाली वर्षानुवर्षे न हललेला पाचोळा हाताने अलगद उचलून पाहा. वरची पाने कोरडी आणि कडकडीत, त्याखालची मऊ, त्याखालची काळपट व ओलसर, आणि अगदी तळाशी पान कुठे संपले आणि माती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. बुरशी, वाळवी, पैसा-किडा आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव या पानांची माती करीत असतात. त्या जिवांची संख्या बेसुमार वाढू नये म्हणून त्यांना खाणारेही कुणी लागते. हे काम पाचोळ्यातले कोळी करतात. या जगाचा वाघ म्हणाल तर तो हाच. मात्र हा वाघ एक ते तीन मिलिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्यापासून माणसाला कसलेही भय नाही.

अशा कोळ्यांची दोन घराणी सांगते. एकाला इंग्रजीत 'गॉब्लिन स्पायडर' म्हणतात; आपण त्यांना बुटके कोळी म्हणू. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, यांना सामान्यतः सहाच. यांच्यातल्या पुष्कळांच्या पोटावर ढालीसारखा टणक पत्रा असतो. दुसरे घराणे त्याहूनही चिलखती. त्यातल्या एका वंशाचे नावच 'टेट्राब्लेमा' आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'चार दृष्टी असलेला', कारण त्याला डोळे चारच. बुटक्या कोळ्यांच्या बाबतीत तर मोठे आश्चर्य घडले. २००६ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील नॉर्मन प्लॅटनिक यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांचे अभ्यासक एकत्र आले आणि त्यांनी या एकाच घराण्याचा जगभर शोध सुरू केला. तोवर त्यांच्या सुमारे ५०० जाती ठाऊक होत्या. आज तो आकडा दीड हजाराच्याही पुष्कळ पुढे गेला आहे. म्हणजे ज्या घराण्यात पाचशे माणसे आहेत असे आपण धरून चाललो होतो, त्याचे दार उघडून पाहिले तर आत त्याच्या तिप्पट मंडळी बसलेली!

आता 'नवी जाती' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याने गैरसमज होतो. नवी जाती म्हणजे काल जन्माला आलेली जाती नव्हे. ती लाखो वर्षे येथेच नांदत असेल. नवी असते ती माणसाच्या नोंदवहीत. एखादी बाई चाळीस वर्षे गावात राबते, मुलेबाळे वाढवते, पण रेशनकार्डावर तिचे नाव चढलेले नसेल तर दुकानदाराच्या लेखी ती नाहीच. तिच्या वाटचे धान्य सुटत नाही. बिननावाच्या जातीचे असेच होते. संरक्षणाच्या कुठल्याही यादीत तिचे नाव लागत नाही, आणि ती नाहीशी झाली तरी कुणाला सुतक लागत नाही. म्हणून बारसे.

हे बारसे पाचोळा गोळा करण्यापासून सुरू होते आणि त्याची बरीचशी हत्यारे आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. पाचोळा मोठ्या भोकांच्या चाळणीने पांढऱ्या कापडावर किंवा पांढऱ्या परातीत चाळायचा. वरची पाने, काड्या वर राहतात आणि बारीक भुसा खाली पडतो. मग डोळ्यांत तेल घालून पाहायचे. पांढऱ्यावर एखादा तांबूस ठिपका चालू लागतो, तो आपला पाहुणा. दुसरी युक्ती इटलीच्या बर्लेसे या शास्त्रज्ञाने १९०५ साली काढली आणि पुढे स्वीडनच्या टुल्ग्रेनने १९१८ साली तिच्यात दिव्याची भर घातली. मोठ्या नरसाळ्यात जाळीवर पाचोळा ठेवायचा, वर दिवा लावायचा आणि खाली अल्कोहोलची बाटली. दिव्याच्या उष्णतेने पाचोळा वरून वाळत जातो, तसे आतले जीव ओलावा शोधीत खाली खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. हे ऐकून तुमच्यापैकी काहींना वाईट वाटेल. तसे वाटणे हा चांगुलपणाच आहे. अभ्यासकही गरजेपुरतेच नमुने घेतात. चार कोळी बाटलीत गेल्याने सगळ्या जातीला नाव मिळते आणि तिच्या रानाची बाजू मांडता येते, असा तो हिशेब आहे.

मग दुर्बिणीचे, म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्राचे काम. येथे पहिला नियम असा की लहान पोराचे बारसे करता येत नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी नाव ठेवतात. कोळ्याला मात्र पूर्ण वयात आल्याखेरीज नाव नाही. याचे कारण असे की लहानपणी एका घराण्यातले कोळी सगळे सारखेच दिसतात. रंग, ठिपके, आकार यांवर विसंबता येत नाही. वयात आलेल्या नराच्या तोंडाजवळ हातासारखे दोन लहान अवयव असतात. त्यांच्या टोकाची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. मादीच्या पोटाखाली एक टणक मुद्रा असते. तीही प्रत्येक जातीत वेगळी. कुलूप-किल्लीसारखा हा प्रकार आहे. जाती ओळखायची ती मुख्यतः याच खुणांवरून. मादीची मुद्रा आतून स्पष्ट दिसावी म्हणून ती पारदर्शक करावी लागते, आणि त्यासाठी अभ्यासक काय वापरतात म्हणाल? लवंगेचे तेल! दाढदुखीवर आपण ज्याचा बोळा ठेवतो तेच.

यापुढे मोजमाप. प्रत्येक पायाला सात सांधेभाग असतात. आठही पायांचे असे भाग, डोळ्यांमधले अंतर, पायांवरचे काटे हे सगळे मोजून लिहायचे आणि त्याची चित्रे काढायची. रांगोळीचा एक ठिपका चुकला तर सगळी रांगोळी बिघडते, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे ठिपका केसाहून बारीक असतो, एवढाच फरक. चिकाटीचे, नजरेचे आणि हलक्या हाताचे हे काम आहे. असे काम आपल्याला जमणार नाही असे ज्या मुलींना वाटते त्यांनी लक्षात ठेवावे की बिळाला झाकण लावून राहणाऱ्या 'इडिऑप्स बॉम्बेएन्सिस' या कोळ्याचे वर्णन २००५ साली ज्यांनी प्रसिद्ध केले, त्यांत पहिले नाव मंजू सिलीवाल या स्त्रीचे आहे.

मोजमाप झाले तरी नाव ठेवता येत नाही. आधी चौकशी करावी लागते की या बाळाचे नाव पूर्वीच कुणी ठेवून गेले आहे काय? ही सर्वांत कष्टाची पायरी. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना १७५८ सालच्या लिनिअसच्या ग्रंथापासून करतात. कोळ्यांचा मात्र मान मोठा. स्वीडनच्याच क्लर्क या गृहस्थाने एक वर्ष आधी, १७५७ साली, कोळ्यांवर पुस्तक काढले होते, म्हणून केवळ कोळ्यांसाठी त्याच्या पुस्तकातली नावे ग्राह्य धरली जातात. तेव्हापासून आजपर्यंत कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत झालेले वर्णन शोधून ताडून पाहायचे. आपल्याकडच्या कोळ्यांसाठी पोकॉक यांचा १९०० सालचा ग्रंथ चाळावा लागतो आणि लंडनच्या संग्रहालयात बाटल्यांत ठेवलेले मूळ नमुनेही पाहावे लागतात. या कामी आता एक सोय झाली आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संग्रहालय जगातल्या सर्व कोळ्यांची सूची ठेवते. एप्रिल २०२२ मध्ये या सूचीत पन्नास हजारावी जाती नोंदली गेली. तो दक्षिण अमेरिकेतला एक उड्या मारणारा कोळी होता.

एवढे सगळे झाल्यावर नाव. नाव दोन पदांचे असते. पहिले पद वंशाचे, ते आपल्या आडनावासारखे. दुसरे जातीचे, ते पाळण्यातल्या नावासारखे. फक्त आडनाव आधी लिहायचे. आता गंमत ऐका. पुढे अभ्यासाअंती असे ठरले की हा कोळी या वंशातला नसून त्या वंशातला आहे, तर त्याचे आडनाव बदलते. पाळण्यातले नाव मात्र कायम राहते, आणि पहिल्यांदा ज्याने ते ठेवले त्याचे नाव आणि साल कंसात सोबत चालते. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव काढीत आणि आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव एका रेघेत पुसले जाई. शास्त्रज्ञांनी या कामी आपल्यापेक्षा अधिक न्यायाचा नियम केला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. कोळीण सासरी गेली तरी तिचे माहेरचे नाव कुणी काढून घेत नाही!

याचे उदाहरण दूरचे नको, आपल्या दख्खनचेच घेऊ. पुण्यास १९५९ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र सुरू झाले. तेथे बिनॉय कृष्ण टिकादर नावाचे बंगालचे शास्त्रज्ञ काम करीत. त्या काळी कोळी हा विषय घेऊन आयुष्य काढणे म्हणजे लोकांच्या थट्टेचा विषय होणे. परंतु त्यांनी आपल्या भागातले डोंगर, दगड, पाचोळा धुंडाळून काढला. १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांचा महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरचा लेख आला. पुढे १९८० आणि १९८२ साली भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्यांचे मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पुण्याचे नाव त्यांनी एकाहून अधिक कोळ्यांना दिले. १९७३ सालचा 'नाफोसा पूनाएन्सिस' हा एक. १९८० साली मल्होत्रा यांच्यासह वर्णिलेला 'लायकोसा पूनाएन्सिस' हा दुसरा. हे दोन्ही जमिनीवर हिंडणाऱ्या घराण्यांतले. लायकोसाच्या घराण्यात आई अंड्यांची पिशवी पाठीमागे बांधून हिंडते आणि पिले बाहेर आली की त्या सगळ्यांना पाठीवर घेऊन फिरते. पुढे कधी शेताच्या बांधावर अशी लेकुरवाळी दिसली तर पायाखाली चिरडू नका.

याच टिकादरांनी १९७६ साली एका चिमुकल्या चिलखती कोळ्याचे वर्णन केले. त्याच्यासाठी त्यांनी 'इंडोनॉप्स' हा नवा वंश मानला आणि दख्खनच्या नावावरून जातीला 'डेक्कनेन्सिस' म्हटले. पुढच्या अभ्यासकांनी ताडून पाहिले तेव्हा हा कोळी त्या चार डोळ्यांच्या 'टेट्राब्लेमा' वंशातलाच ठरला. तो वंश इंग्लंडच्या पिकार्ड-केंब्रिज यांनी १८७३ सालीच सिंहलद्वीपातल्या कोळ्यावरून स्थापन केलेला होता. आडनाव बदलले आणि कोळी 'टेट्राब्लेमा डेक्कनेन्से' झाला. नावाच्या शेवटी 'सिस'चे 'से' का झाले? कारण नव्या वंशाचे नाव नपुंसकलिंगी आहे. आपण काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर म्हणतो तसेच ते. शेपूट बदलले, पण दख्खन तेथेच राहिले. ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिचे नाव एका मोहरीएवढ्या कोळ्याने जगाच्या सूचीत कायमचे लावून ठेवले आहे.

नाव माणसांवरूनही ठेवतात. ज्याने वर्णन केले त्याने स्वतःचे नाव ठेवायचे नाही, असा शिष्टाचार आहे. २०२१ साली ध्रुव प्रजापति, राजेश सानप, जॉन कॅलेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 'इसियस तुकारामी' असे नाव दिले. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या आणि प्राण दिला, पण पकड सोडली नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या या सुपुत्राला अशोकचक्र मिळाले, आणि त्याचे नाव सह्याद्रीच्या कुशीतल्या एका जिवालाही मिळाले. दगडी पुतळे ऊनपावसाने झिजतात. हे नाव, ती जाती जगेल तोवर चालत राहील.

'ती जाती जगेल तोवर' असे मी म्हणाले. खरी काळजी येथेच आहे. नवी जाती पहिल्यांदा हाती लागते त्या दिवसापासून तिचे वर्णन छापून येईपर्यंत किती काळ जातो, याची पाहणी फ्रान्समधल्या अभ्यासकांनी केली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. सरासरी २१ वर्षे! तेवढा काळ नमुना संग्रहालयाच्या फळीवर वाट पाहतो, कारण पाहणारे डोळे थोडे आणि बाटल्या फार. २१ वर्षांत पाळण्यातली मुलगी लग्नाला येते. आणि २१ वर्षांत आपल्या मावळात काय काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. डोंगर विकले जातात, टेकडी सपाट होते, कुंपणे पडतात, वणवा लागतो. बाळाचे नाव ठरून येईपर्यंत घरच राहिले नाही, तर ते नाव कुणाला हाक मारायचे?

काही कोळ्यांची पिले वाऱ्यावर धागा सोडून दूरदूर उडत जातात. पाचोळ्यातल्या अनेक जाती असा प्रवास फारसा करीत नाहीत. त्यांचा देश म्हणजे ती राई, तो ओढ्याकाठ, तो ओलसर उतार. ती जागा गेली की जायला दुसरे गाव नाही.

आता राबाकडे येते. राब भाजणे ही अडाणीपणाची चाल आहे, असे मी म्हणणार नाही. वाडवडिलांनी ती विचार करूनच पाडली. पाचोळा, कवळे आणि शेण पसरून भाजले की तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते आणि रोप निकोप उगवते. त्यासाठी उन्हातान्हात डोक्यावर पाट्या वाहण्याचे कष्ट आपल्याच वाट्याला येतात, हेही मी जाणते. परंतु त्याच वाडवडिलांनी दुसरी एक चाल पाडली होती. देवराईतले पान उचलायचे नाही. पुष्कळ ठिकाणी वाळली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, नाहीतर देवीचा कोप होतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांच्याही ध्यानात आले की बाकीचा डोंगर उघडा पडला असता जुन्या रानाचे तुकडे या धाकामुळेच शिल्लक राहिले. शेताला पाचोळा हवा आणि रानालाही हवा, हे ओळखून त्यांनी वाटणी करून दिली होती. एक वाटा आपला, एक देवीचा. अलीकडे आपण देवीच्या वाट्यालाही हात लावू लागलो आहोत. देऊळ सिमेंटचे बांधतो, फरशी बसवतो आणि सभोवारचा पाचोळा 'स्वच्छता' म्हणून लोटून पेटवून देतो. त्या पेटवणीत किती बिननावाची बाळे जात असतील?

तेव्हा माझी आपणाजवळ तीन मागणी आहेत. मागणी म्हणा, वाण म्हणा.

पहिली ही की आपापल्या गावच्या देवराईतला पाचोळा देवीचा समजून तेथेच राहू द्यावा. पायवाट आणि देवळाचे अंगण झाडावे, पण झाडाखालचा थर खरवडू नये. राबासाठी बांधावरचा पाचोळा घ्यावा. शक्य असेल तेथे घरच्या माणसांना चारसूत्री पद्धतीची माहिती घ्यायला लावावे. तीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख घालतात. आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली 'इंद्रायणी' तांदूळ दिला तेव्हा आपण जुने वाण असूनही नवे करून पाहिलेच की. रोपाच्या बाबतीतही एखाद्या वाफ्यावर करून पाहायला हरकत नाही.

दुसरी मागणी नोंदवहीची. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या समितीत स्त्रियांचा वाटा कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. ग्रामसभेत विचारा की आपली वही कुठे आहे आणि तिच्यात काय लिहिले आहे? कुठल्या झाडाखाली काय उगवते, पहिल्या पावसात मातीतून काय निघते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? त्यात देवराईची नोंद करा आणि पाचोळ्याचीही करा.

तिसरी मागणी मुलींसाठी. चाळणी, पांढरी परात आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या भांडवलावर त्यांना एक दिवस राईच्या कडेला बसवा. काय दिसले, कुठे दिसले, कोणत्या तारखेला दिसले, हे त्यांना वहीत लिहू द्या आणि पाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरू द्या. छायाचित्रावरून नाव ठरत नाही हे खरे, पण कुठे पाहायचे हे त्यावरून कळते. त्यातली एखादी पुढे शिकली आणि तिने कान्ह्याला लोकल धरली, तर आकुर्डी स्टेशनाजवळच प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते केंद्र आहे, जिथे आपल्या भागातल्या कोळ्यांच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एखादी बाटली कुणाची तरी वाट पाहत असेल. ती उघडणारी मुलगी आंदर मावळातली असावी, असे मला फार वाटते.

बारशाला आपण सगळ्याजणी जमतो, पाळणा सजवतो, घुगऱ्या वाटतो. ज्याचे बारसे, त्याला यातले काही कळत नसते. तरीही आपण ते करतो, कारण नाव ठेवले म्हणजे ते बाळ आपले झाले आणि त्याची काळजी आपल्यावर आली. पाचोळ्यातल्या कोळ्यालाही त्याचे नाव कधी कळणार नाही. ते आपल्याला कळले म्हणजे पुरे आहे.